सिंह नसलेला रुपया

भीमराव ओव्हाळांनी जेवणाच्या टेबलावर जुना पांढरा टॉवेल अंथरला आणि कापडी पिशवी त्यावर पालथी केली. नाण्यांचा ढीग पसरला. दोन-तीन नाणी घरंगळत मिठाच्या बरणीला जाऊन टेकली.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, नंदाबाईंचा आवाज आला.

"संध्याकाळी मला टेबल मोकळं हवंय."

"कोणी येणार आहे?"

"कोणी येत नाही. टेबल मोकळं हवंय."

भीमरावांनी लांबचा चष्मा काढून जवळचा चढवला, भिंग हाताशी ठेवलं आणि कामाला लागले. रविवारची दुपार होती. बिबवेवाडीतल्या त्यांच्या गल्लीत ज्यांना झोपायचं होतं ते झोपले होते, आणि ज्यांना इतरांना झोपू द्यायचं नव्हतं त्यांनी टेपरेकॉर्डर लावले होते.

नाणी मैत्री बुद्ध विहाराच्या दानपेटीतली होती. भीमराव विहाराचे खजिनदार होते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाली की दोन माणसांसमक्ष पेटी उघडायची, मोजदाद करायची आणि रक्कम बँकेत टाकायची, असा शिरस्ता होता. पण बँकेच्या कॅशियरला नाण्यांची पिशवी दिसली की त्याला हटकून भूक लागायची आणि तो डबा घेऊन आत निघून जायचा. मग भीमरावांनीच तोडगा काढला. सगळी नाणी ते स्वतः घेऊ लागले आणि तेवढ्या रकमेच्या नोटा तिथल्या तिथे विहाराला देऊ लागले. घरी आणलेली नाणी ते जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांत गुंडाळून त्यांच्या पुंगळ्या करत. सुट्ट्यांच्या नावानं गिऱ्हाइकाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवणारे आसपासचे दुकानदार त्या पुंगळ्या आनंदानं घेत आणि नोटा देत. विहाराच्या कमिटीला ही समाजसेवा वाटे. हे व्यसन आहे, हे फक्त नंदाबाईंना ठाऊक होतं.

कारण नाणी पुंगळीत जाण्याआधी एकेक करून भीमरावांच्या बोटांमधून जात. सालाखाली बारीक खूण असते, तिच्यावरून नाणं कुठल्या टांकसाळीतलं ते कळतं. चौकट असली तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कलकत्ता. हे सगळं ते बघत. पण त्यांचा खरा जीव होता तो चुकांमध्ये. छाप एका बाजूला सरकलेली, कड चावल्यासारखी तुटलेली, आकडा दोनदा उठलेला. भीमराव टेलिफोन खात्यात बिलिंगला होते. खात्याचं बिल कसं बरोबर आहे हे लोकांना पटवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. सरकारची चूक अशी चिमटीत धरून उजेडात बघण्यात त्यांना जे सुख मिळे, ते त्यामुळेच असावं.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. आधी नोटा द्यायच्या, मग नाणी बघायची. पेटीसमोर बसून निवडानिवड करायची नाही. आत काय आहे हे विहाराला माहीत नसतं, तसं आपल्यालाही माहीत नसावं. मग जे निघेल ते आपलं. बहुतेक वेळा काही निघत नसे, त्यामुळे या नियमाची परीक्षा कधी झाली नव्हती.

ढीग अर्ध्यावर आला तेव्हा एक मोठा, जुन्या घडणीचा रुपया हाताला लागला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला सरकारनं काढला होता तो. भीमरावांनी चेहरा पाहिला आणि मागची बाजू पाहण्यासाठी नाणं उलटं केलं. पुन्हा बाबासाहेबच दिसले. आपण उलटं केलंच नाही असं वाटून त्यांनी पुन्हा उलटं केलं. तरी बाबासाहेबच.

मग त्यांनी नाणं टॉवेलवर ठेवलं, उठून हात धुतले, पुसले आणि परत येऊन बसले.

एका बाजूला चेहरा नेहमीसारखा उठावदार होता. दुसऱ्या बाजूला, जिथे सिंह आणि रुपयाचा आकडा असायचा, तिथे तोच चेहरा आत खोल गेलेला आणि आरशात दिसावा तसा उलटा. भाकरीवर बोट दाबावं तसा धातू आत गेला होता. चष्म्याची काडीसुद्धा त्या खोलगटात स्पष्ट होती. असं कसं होतं ते भीमरावांनी वाचलं होतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून बसतं, खाली पडतच नाही. पुढची कोरी चकती येते, तिच्यावर एका बाजूनं ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूनं ते चिकटलेलं नाणंच उमटतं. व्यापारी अशा नाण्याला लखी म्हणतात. दुसऱ्यांच्या लखी त्यांनी पाहिल्या होत्या. बाबासाहेबांची लखी कोणाकडे असल्याचं ऐकलंसुद्धा नव्हतं.

मग उरलेला ढीग त्यांनी हातानं बाजूला सारला आणि टॉवेलच्या मधोमध ते एकच नाणं राहू दिलं.

"झालं का टेबल?" नंदाबाईंनी विचारलं.

"नाही," भीमराव म्हणाले. "आज नाही व्हायचं."

आम्रपाली आली ती हेल्मेट हातात घेऊनच. भीमरावांची ही एकुलती मुलगी सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर बंद पडतील, ही धास्ती सरून वर्ष झालं होतं. कंपनीनं ती धास्ती निस्तरायला घेतलेल्या पोरांपैकी निम्मी घरी बसवली होती आणि ही राहिली होती. राहिल्याचं देणं म्हणून की काय, तिनं विहाराच्या अभ्यासिकेत वस्तीतल्या मुलांसाठी कॉम्प्युटर आणायचं मनावर घेतलं होतं. विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यावर तिनं जमलेल्या वर्गणीचा आकडा लिहून ठेवला होता. गेले दोन महिने तो पुसायची वेळ आली नव्हती.

वडिलांचा चेहरा पाहून ती थबकली.

"काय सापडलं?"

"आधी हात धुऊन ये."

ती हात धुऊन आली. भीमरावांनी नाणं तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिनं नाणं उलटंसुलटं केलं, चेहऱ्याच्या खोलगटावरून अंगठा फिरवला.

"कितीला जाईल?"

"पहिला प्रश्न हाच सुचला?"

"दुसराही हाच आहे."

"माहीत नाही. बुधवारी जुन्या बाजारात अय्युबला दाखवतो. पण विकायचं नाहीये."

आम्रपालीनं नाणं सावकाश टॉवेलवर ठेवलं.

"पप्पा, हा विहाराचा आहे."

"विहाराला त्याचा रुपया मिळाला. सकाळी, सगळ्यांसमोर."

"त्यांना ठाऊक असतं तर रुपयाला दिला असता?"

"मला ठाऊक असतं तर मीही रुपयाला घेतला नसता. म्हणून तर नोटा आधी देतो. इतकी वर्षं देतोय. रुपयाला रुपया, हिशेब मिटला."

"इतकी वर्षं रुपयाला रुपयाच निघत होता."

मुलीला शिकवलं की हे असं होतं, असा एक विचार भीमरावांच्या मनात येऊन गेला. तो ते बोलले नाहीत, कारण तो अभिमानाचाही होता.

"असेंबल केलेला कॉम्प्युटर पंचवीस हजारांपर्यंत बसतो," आम्रपाली म्हणाली. "पोरं निकाल बघायला सायबर कॅफेत तासाला तीस रुपये भरतात. फॉर्म भरायचा म्हणजे पुन्हा तीस."

"निवृत्तीनंतर मी देईन पाच हजार. तसं कमिटीला सांगितलंय."

"निवृत्तीला चार वर्षं आहेत. तोवर ही पोरं बारावी होऊन गेलेली असतील."

"तू तेव्हा शाळेत होतीस," भीमराव एकदम म्हणाले. "हा रुपया नवीन निघाला तेव्हा. मी बँकेच्या रांगेत उभा राहून पिशवीभर आणला होता. वस्तीत घरटी एक दिला. लोकांनी खर्च नाही केला, फ्रेममध्ये लावला. देशाच्या पैशावर आपला माणूस. आणि हा बघ." त्यांनी नाण्याला हात न लावता नुसतं बोट दाखवलं. "सरकारी बाजूलाही तेच. सिंह गेले, दोन्हीकडे तेच. हा कुठल्या शेठच्या अल्बममध्ये जाऊन बसणार? हा माझ्याकडे राहू दे, आमू. मी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही."

आम्रपालीनं वडिलांकडे पाहिलं. ते खरं बोलत होते, आणि तीच अडचण होती. ती हेल्मेट घेऊन आत गेली. टेबल त्या दिवशी मोकळं झालं नाही आणि नंदाबाईंनी मुकाट्यानं जमिनीवर ताटं मांडली.

बुधवारी भीमराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून जुन्या बाजारात गेले. अय्युब तिथे वर्षानुवर्षं एकाच जागी ताडपत्री टाकून बसत असे. ताडपत्रीवर कुलपं, पितळी नळ, काटे नसलेली घड्याळं. आणि अय्युबच्या मांडीजवळच्या डब्यात नाणी. डबा सगळ्यांसाठी उघडत नसे.

अय्युबनं नाणं भिंगाखाली धरलं. आधी खोल बाजू पाहिली नाही, उठावाची पाहिली. नाक, कान, अक्षरं, कडेचे दाते.

"वाईसच्या शिकंज्यात दाबलेलं नाही," तो म्हणाला. "हल्ली पोरं दोन नाणी एकावर एक ठेवतात आणि दाबतात. मग खालचा चेहरा सपाट होतो, नाक बसतं. यांचं नाक बघा, कसं ताठ आहे. मशिनीतनंच असं निघालंय, साहेब. कुठून आलं?"

"विहाराच्या पेटीतून."

अय्युब हसला. "तरी म्हटलं. आमच्या दर्ग्याच्या पेटीतही अशीच निघतात. दुकानदार घेत नाही, कंडक्टर घेत नाही. मग माणूस काय करतो? देवाच्या दारात टाकतो. देव थोडाच परत करणार?"

"आमच्याकडे देव नाही."

"पेटी आहे ना?"

भीमरावांनी नाणं परत घेतलं.

"भवानी पेठेतले व्यापारी लखी गल्ल्यात ठेवतात," अय्युब पुढे म्हणाला. "दिवाळीला पूजा करतात, बरकत येते म्हणून. पण ही त्यांना द्यायची नाही. रविवारी मुंबईचा एक माणूस येतोय, अल्बमवाला. पंचवीस हजार तो उभ्या उभ्या देईल. तुम्ही हो म्हणा."

"विकायचं नाहीये."

"तर मग दाखवा तरी. कुणाला न दाखवता नुसतं कपाटात ठेवणार, ते पेटीत पडून राहिल्यासारखंच झालं की."

पंचवीस. नेमका तोच आकडा ऐकून भीमरावांना अय्युबचा उगीचच राग आला. पण दाखवायला काय हरकत आहे, असं त्यांना बसमध्ये वाटू लागलं. स्वारगेट येईपर्यंत त्यांचं ठरलंसुद्धा. मुंबईचा माणूस नाणं हातात घेईल, त्याचा श्वास अडकेल, आणि मग आपण ते परत घेऊन खिशात ठेवू. एवढंच त्यांना हवं होतं. कंडक्टरनं दिलेलं सुटं त्यांनी सवयीप्रमाणे उलटंपालटं करून पाहिलं. त्यात काही नव्हतं.

रविवारी सकाळी ते पांढरा सदरा घालून विहारात गेले. वरच्या खिशात, पारदर्शक पुडीत, नाणं होतं. वंदना संपवून थेट जुन्या बाजाराची बस धरायची होती. शेजारी आम्रपाली बसली होती. आठवडाभर ती वडिलांशी फक्त कामापुरतं बोलली होती.

पंचशील सुरू झालं. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील. ते म्हणताना आम्रपालीनं मान किंचित वळवली. भीमराव समोर मूर्तीकडे बघत राहिले. न दिलेलं मी घेतलेलं नाही, त्यांनी मनात म्हटलं. दिलेलं घेतलंय, आणि वर रुपया दिलाय. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शिलापाशी त्यांना काहीच अडचण आली नाही. ते कोणाशी खोटं बोलले नव्हते. फक्त कमिटीतल्या कोणी विचारलं नव्हतं.

लोक उठले, चपला शोधू लागले. भीमराव दाराकडे वळले तर समोर मुक्ताई उभी.

मुक्ताई चौकात पालेभाजी विकायची. रविवार सकाळ तिच्या धंद्याची, त्यामुळे ती वंदना संपता संपता यायची आणि मागच्या भिंतीला टेकून शेवटचं तेवढं म्हणायची. हाताला कोथिंबिरीचा वास होता आणि पदराला माती.

"भीमराव, जरा थांबा. तुमच्याकडंच काम हाय."

"बोला ना."

"सगळ्यांम्होरं न्हाई." तिनं आजूबाजूला पाहिलं. आम्रपाली शेवटच्या सतरंजीची घडी घालत होती, बाकी हॉल रिकामा होत आला होता. "ही असूं द्या. ही आपलीच हाय."

तिनं कमरेची चंची काढली, सोडली आणि एक चकचकीत नवा रुपया भीमरावांपुढे धरला.

"ह्यो घ्या. म्या मागल्या महिन्यात पेटीत खोटा रुपया टाकला."

भीमरावांचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"खोटा म्हणजे?"

"त्येच्यावर सिंव्ह न्हवतं. दोन्हीकडनं बाबाच. गिऱ्हाइकानं गर्दीत दिला, मला काय कळलं न्हाई. सांजंला पैसं मोजाया बसले तवा दिसला. दुकानदाराला दिला, तो म्हनला सिंव्ह कुठं हाय, खोटा हाय. कंडक्टरनं खिडकीच्या उजेडात बघून परत दिला. त्या लाल फोनात टाकला तर फोननं बी थुकला. टाकून द्यावा तर बाबांचा चेहरा. कसा टाकावा? दोन वर्षं चंचीत व्हता. मग म्हनलं, पेटीत टाकू. तितं कोन परत देतंय."

ती थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली,

"पर झोप लागंना. दर रविवारी इतं येऊन म्हनते, खोटं बोलनार न्हाई. आन् बुद्धाच्या म्होरं खोटा पैसा टाकला. तुमी मोजताना वळखला आसंल. ह्यो चांगला घ्या, आन् माझा त्यो मला परत द्या. रुपयाला रुपया. मिटला हिसाब."

सतरंजीची घडी आम्रपालीच्या हातात तशीच राहिली.

भीमरावांनी त्या नव्या रुपयाकडे पाहिलं. जिभेवर एक वाक्य तयार होतं, अगदी सोपं आणि खरं वाटण्यासारखं: ती नाणी बँकेत गेली. एवढं म्हटलं की मुक्ताई जाईल, बस मिळेल, मुंबईच्या माणसाचा श्वास अडकेल.

"ती सगळी नाणी," ते म्हणाले.

"बँकेत ग्येली?" मुक्ताईनंच वाक्य पुरं करू पाहिलं. "मग बँकेनं बी परत धाडला आसंल की. समदे परतच देत्यात."

भीमरावांनी खिशातून पुडी काढली.

हे त्यांनी फार विचार करून केलं असं नाही. रुपयाला रुपया हा त्यांचाच नियम होता आणि तो इतक्या सरळपणे त्यांच्यासमोर कधी कोणी धरला नव्हता. त्यांनी नवा रुपया घेतला आणि पुडीतलं नाणं तिच्या हातावर ठेवलं. ठेवताना बोटं सुटायला किंचित वेळ लागला.

"ह्योच," मुक्ताई म्हणाली. "आता कुनाला देनार न्हाई. माझ्यासंगं जाऊं दे."

ती चंची बांधू लागली. आम्रपाली वडिलांकडे बघत होती.

"मुक्ताई," ते म्हणाले, "तो खोटा नाही."

"आं?"

"खराच आहे. सरकारच्याच टांकसाळीत झालाय. मशिनीची चूक झाली, म्हणून असा निघाला. असे फार थोडे निघतात. त्याची किंमत येते." त्यांनी चंचीकडे बोट केलं. "पंचवीस हजार."

मुक्ताईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आम्रपालीकडे.

"तुजा बाप सकाळी सकाळी थट्टा करतोय का गं?"

"नाही आजी. खरं आहे."

"पंचवीस हजार कोन येडं देतंय ह्येला?"

"आहेत अशी माणसं," आम्रपाली म्हणाली. "त्यातल्या एकाच्या घरातच राहते मी."

मुक्ताईनं चंचीतून नाणं काढून त्यावर मूठ मिटली. तिचा चेहरा हिशेब करणाऱ्या बाईचा झाला. जुडी केवढ्याला घेतली, केवढ्याला गेली, पाणी मारून उद्यापर्यंत टिकेल का, हे रोज ठरवणाऱ्या बाईचा. पत्र्याचं घर, नातीची शाळा, गुडघ्याचं दुखणं, असं बरंच काही त्या मिटलेल्या मुठीत येऊन गेलं असणार. भीमरावांना वाटलं, घेऊन जावं हिनं. तेही बरोबर होईल. अल्बमवाल्यापेक्षा ही बरी.

"म्हंजी," मुक्ताई सावकाश म्हणाली, "म्या टाकला तवा त्यो खरा व्हता?"

"हो."

"म्या फसवलं न्हाई?"

"नाही. तुम्ही कोणालाच फसवलं नाही."

तिनं मोठा श्वास सोडला आणि फळ्याकडे हनुवटी केली. "त्ये काय लिवलंय? कंपूटरचं ना? पोरी, किती लागत्यात त्येला?"

आम्रपालीनं सांगितलं.

"आला की पैला नंबर माज्या नातीचा. मागनं कुनी आलं आन् माजी पोर हुबी ऱ्हायली तर म्या हितं येऊन भांडन. चालंल?"

"चालेल."

"तुमी बी ऐकलं, भीमराव."

"ऐकलं."

मुक्ताई पेटीपाशी गेली. फटीतून नाणं आत सोडलं. आत गेल्या आठवड्यापासूनची थोडीच नाणी होती. त्यांच्यावर ते पडलं आणि इतर कुठल्याही रुपयाचा होतो तसाच आवाज झाला. मग ती परत येऊन भीमरावांपुढे तळहात पसरून उभी राहिली.

"काय?"

"माजा चांगला रुपया द्या की. त्यो कशापायी ठेवलाय?"

भीमरावांनी नवा रुपया परत केला. मुक्ताईनं तो दोन्ही बाजूंनी नीट पाहून चंचीत टाकला आणि कोथिंबीर कोमेजेल म्हणून लगबगीनं निघून गेली.

आम्रपालीनं सतरंजी कपाटात ठेवली. परत आली तेव्हा भीमराव पेटीसमोर उभे होते. नाण्याचं काय करायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, पण आत कुठेतरी फार दुखत होतं.

"पप्पा, तुमचा एक रुपया बुडाला," ती म्हणाली. "मागच्या रविवारी पेटीला दिलात तो."

"हो. हिशेबात निघतो खरा."

"दानात धरा."

भीमरावांनी जुडग्यातून पेटीची किल्ली सोडवली. जुडगं जुनं होतं, कडी घट्ट होती. नखानं बराच वेळ झटावं लागलं.

"महिनाअखेरीला मोजायला तू बस. कमिटीला मी सांगतो काय आहे ते. विकायचं ते विहार विकेल."

"ओळखायचा कसा?" ठाऊक असूनही तिनं विचारलं.

"डोळे मिटूनही कळेल तुला. एका बाजूनं गाल अंगठ्याला वर लागतो. दुसऱ्या बाजूनं बोट आत जातं. आधी कपाळावर, मग चष्म्यापाशी. काडी असते ना, तिथे बारीकशी खोबण आहे, नख अडकतं."

सांगता सांगता त्यांचा अंगठा तर्जनीवरून फिरत होता. चिमटीत काही नव्हतं. आम्रपालीनं त्या हाताकडे पाहिलं, मग किल्ली घेतली आणि ओढणीच्या टोकाला बांधली.

"विकायच्या आधी एकदा घरी आणू," ती म्हणाली. "कमिटीला विचारून. एक रात्र."

"नको," भीमराव म्हणाले. मग चपला घालताना म्हणाले, "विचारून बघ."

अय्युबला निरोप द्यायला जायला हवं होतं. चौकात मुक्ताई गिऱ्हाइकाशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बस रिकामी होती. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि दोन रुपये परत दिले, एकेकाची दोन नाणी. भीमरावांनी खिडकीच्या उजेडात ती उलटी करून पाहिली. सिंह जागेवर होते.